गोधडीसाठी मशीन घ्यायची? मग जुनं लुगडं सोबत न्या!

दिवाळी सरली की आपल्या बुलडाण्याच्या घाटावर थंडी जोर धरते आणि घरोघरच्या पेट्यांमधून जुनी लुगडी, धोतरं, चादरी बाहेर निघतात. गोधडी म्हणा की वाकळ, आजवर ती हातानेच शिवली गेली. आता मात्र बऱ्याच जणी म्हणतात, "हातानं कोण टाके घालत बसते व बाई, मशीनच घेऊ!" विचार चांगलाच आहे. पण मैत्रिणींनो, मशीन कोणती घ्यायची?

दुकानात गेलं की आधी समोर येते ती रंगीत, हलकी, डझनभर नक्षीचे टाके घालणारी मशीन. ब्लाउज, फ्रॉक, फॉल-पिकोला ती छानच. पण गोधडीला लागतो एकच सरळ टाका, तोही पाच-सहा पदरांतून पार जाणारा! हलक्या मशीनवर एवढं जाड कापड चढवलं की टाके सुटतात, सुई मोडते, मशीन टेबलावरून सरकते. म्हणून माझं मत स्पष्ट आहे. घरच्या गोधडीला आपली ती काळी, लोखंडी, पायाने चालवायची मशीनच भली. सिंगरने अमेरिकेत १८५१ मध्ये आपल्या मशीनचं पेटंट घेतलं. पुढे आपल्याकडे 'उषा'सारखं नावही घरोघरी पोहोचलं. ही मशीन लाइट गेली तरी थांबत नाही, हवी तर नंतर मोटर बसवता येते आणि दुरुस्तीला मिस्त्रीही सापडतो. सेकंडहँड मिळाली तरी हरकत नाही. फक्त चाक हलकं फिरतं का आणि कापड पुढे ढकलणारे दात झिजले तर नाहीत ना, एवढं पाहा.

आणि एक करा. दुकानात जाताना जुनं लुगडं सोबत न्या. त्याच्या सहा घड्या घाला आणि पैसे देण्याआधी स्वतः बसून वीतभर शिवून पाहा. दुकानदाराने रुमालाच्या तुकड्यावर दाखवलेला टाका गोधडीच्या काय कामाचा? मात्र सुई १६ किंवा १८ नंबरची लावायला सांगा, टाका लांब ठेवा आणि दाब थोडा सैल करा. सुई आणि मशीनच्या खांबामधली जागाही बघा. ती जेमतेम वीतभर असते, अर्धी गोधडी गुंडाळून तिथूनच काढायची असते. म्हणून आधी कच्चा दोरा घालून सगळे पदर धरून ठेवायचे, शिवण मधून सुरू करून कडेला न्यायची आणि लोंबणारं वजन पेलायला बाजूला खाट लावायची. दोन ओळींत तीन-चार बोटांचं अंतर ठेवलं की गोधडी पुठ्ठ्यासारखी कडक होत नाही.

आता खरा मुद्दा. मशीन कोणाच्या नावावर? बचत गटाचं कर्ज ती फेडणार, पाय ती मारणार, पण दुकानात निवड करतो घरचा पुरुष आणि पावतीही त्याच्याच नावाची! १७ सप्टेंबर २०२३ रोजी सुरू झालेल्या पीएम विश्वकर्मा योजनेत शिवणकाम करणारेही येतात. प्रशिक्षणाच्या काळात दिवसाला ५०० रुपये, अवजारांसाठी १५,००० रुपयांपर्यंतचं ई-व्हाउचर आणि पहिल्या टप्प्यात ५ टक्के व्याजाने १ लाखापर्यंत कर्ज, अशी तिची रचना आहे. पण लाभ कुटुंबातल्या एकाच व्यक्तीला मिळतो. मग शिवणारी घरात असताना अर्ज दुसऱ्याच्या नावाने का जावा? आणि 'फुकट शिलाई मशीन'चे मोबाइलवर फिरणारे मेसेज पाहून कोणाला आधार कार्ड अन् पैसे देऊन बसू नका. चौकशी ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत करा.

कोणी म्हणेल, घरच्या गोधडीला एवढा हिशेब कशाला? अहो, शेजारीण "मलाही एक शिवून दे" म्हणते, तेव्हाच तो धंदा होतो. मग दोऱ्याचे पैसे आणि आपल्या वेळेचे पैसे दोन्ही मागायला शिका. "मशीनवर तर झालं, त्यात काय!" असं म्हणणाऱ्याला एकदा पायडलवर बसवा. जाड कापड ओढून पाठ भरून आली, की त्या गोधडीची किंमत तोच सांगेल.