आवड नाही, सवड नाही. घर मात्र आहे!

‘आवड असली की सवड सापडते’ ही म्हण मराठी माणसाच्या तोंडी बसलेली आहे. गायनाला, वाचनाला, गिर्यारोहणाला, इतकेच काय सामाजिक कार्यालाही ती तंतोतंत लागू पडते. पण ओट्यावर साचलेल्या खरकट्या भांड्यांना ती कशी लावायची? केर काढणे, कपड्यांच्या घड्या घालणे, न्हाणीघर घासणे यांची ‘आवड’ असलेली माणसे किती सापडतील? आवड नाही म्हणून सवड होत नाही, सवड होत नाही म्हणून पसारा वाढतो आणि पसारा पाहून उरलीसुरली आवडही संपते. शहरातील असंख्य सुशिक्षित, कष्टाळू कुटुंबे आज या चक्रात अडकलेली आहेत. हा विषय फारसा चर्चेत येत नाही, कारण तो क्षुल्लक मानला जातो. प्रत्यक्षात घरातील निम्मे वाद या क्षुल्लक गोष्टींवरूनच पेटतात.

चित्र परिचयाचे आहे. पती-पत्नी दोघेही नोकरीला. सकाळी सातची घाई, संध्याकाळी गर्दीतून परतणे, साडेआठला दार उघडले की समोर सकाळचे चहाचे कप, दोरीवरून काढून खुर्चीवर टाकलेल्या कपड्यांचा ढीग, टेबलावर वर्तमानपत्रे, मुलांची दप्तरे. मुंबईच्या लोकलमध्ये महिलांच्या डब्यात बसून मेथी निवडणाऱ्या, वालपापडी मोडणाऱ्या स्त्रिया कोणी पाहिल्या नाहीत? प्रवाशांना त्याचे कौतुक वाटते. परंतु गाडीच्या डब्यातही जिला स्वयंपाकघर सोबत न्यावे लागते, तिच्या घरी संध्याकाळचे काम किती असेल, हा प्रश्न त्या कौतुकात हरवून जातो.

पाहुणे अचानक आले की पसाऱ्याचा दोष कोणाच्या माथी येतो, हेही सर्वांना ठाऊक आहे. ‘घर काही फार नीट ठेवलेले दिसत नाही’ या वाक्यात कर्त्याचा उल्लेख नसला तरी बोट गृहिणीकडेच असते. केंद्र सरकारच्या २०२४ च्या कालवापर सर्वेक्षणानुसार देशात विनामोबदला घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी २८९ मिनिटे खर्च करतात, तर पुरुष ८८ मिनिटे. २०१९ च्या सर्वेक्षणात हेच आकडे २९९ आणि ९७ असे होते. म्हणजे पाच वर्षांत स्त्रीच्या श्रमातून दहा मिनिटे वाचली, पण पुरुषाचा वाटा वाढला नाही, उलट तोही नऊ मिनिटांनी घटला. शिवाय ही सरासरी काम करणाऱ्या पुरुषांचीच आहे. २०१९ मध्ये दिवसभरात घरकामाला हात लावणारे पुरुष साधारण चारांत एक एवढेच होते.

न्यायालयांनी मात्र या श्रमाची नोंद घेतली आहे. अपघातात मृत्यू पावलेल्या गृहिणींच्या भरपाईचा विचार करताना सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये त्यांच्या घरातील सेवेचे मूल्य दरमहा ३,००० रुपये धरले होते. पुढे जानेवारी २०२१ मधील निकालात घरकामाच्या आर्थिक मूल्याचा विस्ताराने ऊहापोह करताना न्यायालयाने या सर्वेक्षणाचाच आधार घेतला. न्यायालयात ज्या कामाचे मोल होते, त्याला घरात ‘ती दिवसभर करते तरी काय?’ असा प्रश्न विचारला जावा, ही विसंगती आहे.

आवड हवीच कशाला?

या प्रश्नाची उकल करताना पहिली चूक होते ती ‘आवड’ या शब्दापाशी. घरकाम हौसेने, आनंदाने, गाणी गुणगुणत व्हावे अशी एक कल्पना जाहिरातींनी रुजवली आहे. ज्याला तसा आनंद होत नाही, त्याला स्वतःतच काही उणीव आहे असे वाटू लागते. परंतु दात घासण्याची कोणाला विशेष आवड असते? तरीही ते काम रोज होते, कारण त्याबाबत मनाचा कौल कोणी घेत नाही.

आपल्या शास्त्रकारांनी कर्माचे जे तीन प्रकार सांगितले, त्यांत या समस्येचे मर्म सापडते. नित्य, नैमित्तिक आणि काम्य. नित्यकर्म केल्याने विशेष फळ मिळत नाही, पण ते न केल्यास दोष लागतो. नैमित्तिक कर्म विशिष्ट प्रसंगी करायचे. काम्य कर्म मात्र ज्याला इच्छा असेल त्यानेच करावे. ते न केल्याने काहीही बिघडत नाही. शास्त्राच्या दृष्टीने हा विचार विधींचा आहे. पण घरकामाला हीच फूटपट्टी लावून पाहिली तर बराच गोंधळ दूर होतो. व्यग्र माणसाची अडचण बहुतेक वेळा काम जास्त असण्याची नसून तिन्ही प्रकारची कामे एकाच ढिगात पडलेली असण्याची असते.

नित्यकामे मोजून चारच आहेत : जेवणाची भांडी, ओला कचरा, धुणे आणि चालण्या-वावरण्याच्या जागेचा केर. या चार गोष्टी थांबल्या की घर खरोखर बिघडते. भाताचा पिष्ट अंश भांड्याला वाळून चिकटला की दोन मिनिटांचे घासणे दहा मिनिटांचे होते. तेच भांडे जेवण होताक्षणी पाण्याने भरून ठेवले तर सकाळी हात फिरवताच निघते. ओला कचरा उन्हाळ्यात एका दिवसात कुजू लागतो, चिलटे धरतात. धुतलेले कपडे यंत्रात तसेच राहिले तर पावसाळी हवेत त्यांना कुबट वास येतो आणि पुन्हा धुवावे लागतात. थोडक्यात, नित्यकाम टाळून वेळ वाचत नाही. दुप्पट व्याजाने तो उद्या द्यावा लागतो.

यासाठी वेगळी ‘सवड’ शोधण्याची गरज नाही. चहाला आधण येईपर्यंत रात्रीची धुतलेली भांडी मांडणीत लागतात. दूध तापेपर्यंत ओटा पुसून होतो. झोपण्यापूर्वी पंधरा मिनिटे घरातील प्रत्येकाने हातात येईल ती वस्तू जागेवर ठेवली, तर सकाळ पसाऱ्याने सुरू होत नाही. त्यासाठी प्रत्येक वस्तूला ठरलेली जागा मात्र हवी. किल्ल्या, चष्मा, विजेचे बिल यांच्या शोधात जाणारा वेळ हाही घरकामाचाच वेळ आहे. आणि वस्तू जितक्या कमी, तितके काम कमी. चार माणसांच्या घरात चोवीस पेले वापरात असतील तर चोवीस पेले घासावेच लागतील. प्रत्येकाचे एक ताट, एक पेला आणि तो ज्याचा त्याने धुवायचा, एवढ्या एका नियमाने मोरीतला निम्मा ढीग नाहीसा होतो.

नैमित्तिक कामांचे नियोजन जुन्या घरांनी ऋतुचक्राला बांधून दिले होते. वैशाखाच्या उन्हात गाद्या, गोधड्या आणि वर्षाचे धान्य वाळायचे. पावसापूर्वी कौले शाकारली जायची. गणपतीपूर्वी रंगसफेदी, दिवाळीपूर्वी माळे आणि मोठी भांडी. वर्षाचा भार असा बारा महिन्यांवर विभागला जाई. आज हे सारे दिवाळीच्या आधीच्या दोन दिवसांत उरकण्याचा अट्टहास होतो आणि सण उजाडतो तो कंबरदुखीने. महिन्याच्या एका रविवारी एकच कपाट किंवा एकच माळा, एवढे ठरवले तरी वर्षात बारा जागा स्वच्छ होतात.

राहिली काम्य कर्मे. दिवाळीचे सहा पदार्थ घरीच करणे, कपाटातल्या प्रत्येक वस्त्राला इस्त्री करणे, पाहुण्यांसाठी पाच भाज्या करणे ही हौस आहे. ज्याला आहे त्याने जरूर करावी, ज्याला नाही त्याने निःशंकपणे सोडावी. १९५९ मध्ये गिरगावात सात महिलांनी पापड लाटून ‘लिज्जत’चा उद्योग उभारला, त्यालाही आता सहा दशके उलटून गेली. पापड घरी लाटणे ही सुगृहिणीची कसोटी तेव्हापासूनच राहिलेली नाही. शेजारच्या बचत गटाकडून घेतलेल्या चकल्यांनी दिवाळीचे पावित्र्य कमी होत नाही. एका घराचा भार हलका होतो आणि दुसऱ्या घरात चार पैसे जातात.

गृहस्थाचे उत्तरदायित्व

यावर एक आक्षेप ठरलेला आहे. घर हे संस्कारांचे केंद्र आहे, स्त्री ही त्याची अधिष्ठात्री आहे. कामांचे असे हिशेब मांडू लागलो तर कुटुंबाचे हॉटेल होईल, असे अनेक ज्येष्ठांना प्रामाणिकपणे वाटते. ही भीती समजण्यासारखी आहे. ज्यांनी एकत्र कुटुंबात आईच्या हातचे गरम जेवण खाल्ले, त्यांना त्या आठवणीला तडा जायला नको असतो. पण त्या घरात चार स्त्रिया एका चुलीभोवती होत्या. आज दोन खोल्यांत एकच आहे आणि तीही नोकरी करते, हे विसरून चालणार नाही.

शिवाय परंपरेचाच आधार घ्यायचा तर तो पूर्ण घ्यावा. स्मृतिकारांनी घरातील पाच जागा सांगितल्या, जिथे नकळत जीवहिंसा घडते : चूल, जाते, केरसुणी, उखळ-मुसळ आणि पाण्याचा घडा. हीच ती ‘पंचसूना’. घरकामाची सारी साधने या यादीत आली. या दोषाच्या निष्कृतीसाठी पंचमहायज्ञ सांगितले आणि ते गृहस्थाला सांगितले. केरसुणी कोणाच्याही हातात असो, तिचे उत्तरदायित्व घरधन्यालाही चुकत नाही, हा यातला सरळ अर्थ आहे. आज जाते आणि उखळ यांची जागा यंत्रांनी घेतली, पाणी नळाने येते. चूल आणि केरसुणी मात्र माणसाच्या हाताची वाट पाहतच आहेत.

साने गुरुजींनी १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहिलेल्या ‘श्यामची आई’मध्ये श्याम पत्रावळ लावायला शिकतो, तो प्रसंग अनेकांना आठवत असेल. मुलगा म्हणून त्याची त्या कामातून सुटका होत नाही. हे पुस्तक ज्या घरात भक्तिभावाने वाचले जाते, त्याच घरात मुलगा जेवून उठतो आणि ताट तिथेच राहते, याला काय म्हणावे? शिबिराचा दाखला तर अधिकच बोलका आहे. तिथे वयाचा, पदाचा, शिक्षणाचा भेद न करता प्रत्येक जण स्वतःचे ताट स्वतः धुतो, मैदान झाडतो, पंगतीत वाढतो. त्यात कोणालाही कमीपणा वाटत नाही. उलट अभिमान वाटतो. तोच कार्यकर्ता घरी परतल्यावर पाण्याचा पेलाही हातात मागत असेल तर तो दिव्याखालचा अंधार होय. मैदानावरचा संस्कार उंबरठ्याबाहेर चपलांबरोबर काढून ठेवायचा नसतो.

इथे ‘मदत’ आणि ‘वाटा’ यांतला फरक लक्षात घ्यायला हवा. ‘मी तिला मदत करतो’ या वाक्यात काम तिचेच आहे हे गृहीत असते. तिने सांगायचे, आठवण करायची, झाल्यावर आभारही मानायचे! खरे तर आठवण ठेवणे हेच घरकामाचे सर्वांत थकवणारे अंग आहे. तूरडाळ संपत आली, गॅसची नोंदणी करायची आहे, मुलाच्या गणवेशाचे बटण तुटले आहे, या गोष्टी कोणाच्या तरी डोक्यात सतत फिरत असतात. म्हणून काम द्यायचे ते आठवणीसकट द्यावे. दळण ज्याचे, त्याने पिठाचा डबा रिकामा होण्यापूर्वी पाहावे, गहू निवडावेत, गिरणीत न्यावेत, पीठ आणून डब्यात भरावे. त्यात पहिल्या महिन्यात चुका होतील. त्या होऊ द्याव्यात. ‘त्यापेक्षा मीच करते’ असे म्हणून काम परत ओढून घेण्याचा मोह गृहिणींनीही टाळला पाहिजे.

कामाला बाई ठेवली की प्रश्न सुटतो, असे अनेकांना वाटते. हात बदलतात, जबाबदारी बदलत नाही. चार घरची भांडी घासून परतणाऱ्या त्या स्त्रीच्या घरीही एक मोरी तिची वाट पाहत असते. महाराष्ट्राने घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळासाठी २००८ मध्ये कायदा केला, पण तिला आठवड्याची सुटी देणे, तिच्यासाठी खरकटी भांडी विसळून ठेवणे, ती आजारी पडली तर पगार न कापणे, हे कायद्यापेक्षा घराच्या संस्कारावर अवलंबून आहे. तिने सुटी घेतलेल्या दिवशी घरात किती गोंधळ उडतो, त्यावरून कुटुंबाची परीक्षा घ्यावी.

घरकामाची आवड सगळ्यांना लागेल, अशी अपेक्षा कोणी करू नये. ती लागण्याची गरजही नाही. चार नित्यकामे रोज व्हावीत, नैमित्तिक कामे वर्षभर विभागली जावीत, काम्य कामांचे ओझे उतरावे आणि हे सारे एकाच माणसाच्या खांद्यावर नसावे, इतके पुरेसे आहे. येत्या रविवारी जेवणे झाल्यावर सर्वांनी पंधरा मिनिटे एकत्र बसून एक कागद घ्यावा आणि घरातील प्रत्येक काम, अगदी औषधांची तारीख पाहण्यापासून, त्यावर उतरवावे. प्रत्येक कामापुढे आज ते कोण करते त्याचे नाव लिहावे. ती यादी वाचल्यानंतर फार बोलण्याची गरज पडणार नाही. त्याआधी मात्र प्रत्येकाने आपापले ताट उचलावे.