बाळाची धाप : कारणें जवळचीं आणि दूरचीं

कार्तिक सरून मार्गशीर्षाचा गारठा पडूं लागला, म्हणजे आमच्या सुप्याच्या माळावर पहांटेचा वारा अंगास झोंबूं लागतो. देशावरचा हा पारनेर तालुका पावसाला जितका पारखा, तितकाच थंडीला उघडा. शेतांत ज्वारी डोलूं लागते, आणि त्याच सुमारास घरोघरीं लहान मुलांचे खोकले सुरू होतात. एखाद्या घरीं बाळास ताप येऊन धाप लागली, कीं वडील माणसांच्या तोंडून एकच निदान बाहेर पडतें : "गारठा बाधला." जुन्या बायका यासच ‘डबा’ म्हणत, किंवा ‘छाती भरली’ म्हणत. मग दारें-खिडक्या लागतात, शेगडी पेटते, ओव्याची धुरी होते, आणि बाळ दुलईंत गुरफटलें जातें. हें सर्व मायेपोटीं होतें यांत शंका नाहीं. परंतु निदान चुकलें म्हणजे मायाही घातक होते, आणि तेंच आज वाचकांपुढें मांडावयाचें आहे.

आमची धाकटी बहीण आठ महिन्यांची असतां याच दुखण्यानें गेली. आम्ही त्या वेळीं सहा-सात वर्षांचे होतों. तीन दिवस माजघराशेजारची खोली बंद होती. आंत शेगडी, धुरी आणि सात-आठ माणसांची ये-जा. चौथ्या दिवशीं वडील तिला एस्. टी. नें नगरास घेऊन गेले, पण वेळ टळून गेली होती. आजीवर दोष ठेवण्यासाठीं आम्ही हें लिहीत नाहीं. तिचीं स्वतःचीं दोन मुलें अशींच गेलीं होतीं, आणि तिला जें ठाऊक होतें तें तिनें सर्व केलें. परंतु त्याच घरांत संस्कृत जाणणारे दोघे आणि इंग्रजी शिकलेले तिघे होते. मुलीचा श्वास मात्र कोणींही मोजला नाहीं.

आयुर्वेदाच्या ग्रंथांत रोगाच्या हेतूंचे जे भेद सांगितले आहेत, त्यांत सन्निकृष्ट आणि विप्रकृष्ट, म्हणजे जवळचा आणि दूरचा, असा एक भेद आहे. न्युमोनियाचा विचार करण्यास तो फार सोयीचा पडतो.

जवळचें कारण म्हणजे जंतु. फुप्फुसांत हवेच्या अतिसूक्ष्म पिशव्या असतात. जंतूंमुळें त्यांत सूज येऊन पू व द्रव भरला, कीं रक्तास प्राणवायु पुरेसा मिळत नाहीं, आणि ती उणीव भरून काढण्यासाठीं मूल भराभर श्वास घेऊं लागतें. या जंतूंत अग्रगण्य न्युमोकॉकस. फ्रान्समध्यें पाश्चर व अमेरिकेंत स्टर्नबर्ग यांनीं तो १८८१ सालीं स्वतंत्रपणें ओळखिला. दुसरा हिमोफिलस इन्फ्लुएंझा याचा ‘बी’ प्रकार. विषाणूंमध्यें आर्. एस्. व्ही. या नांवाचा विषाणु प्रमुख आहे; आणि गोवर येऊन गेल्यावर फुप्फुसें दुखावतात, तेंही याच सदरांत येतें. नुसत्या गार वाऱ्यानें न्युमोनिया होत नाहीं. थंडींत माणसें दारें लावून एकत्र बसतात आणि एकाचा खोकला दुसऱ्यास लागतो, म्हणून हिवाळ्यांत दुखणीं वाढतात.

पण इतक्यानें प्रश्न सुटत नाहीं. न्युमोकॉकस कित्येक निरोगी मुलांच्या नाका-घशांत कांहीं त्रास न देतां राहत असतो. शिवाय हेच जंतु युरोपांतही आहेत. तेथें या रोगानें मूल दगावणें विरळा. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबाप्रमाणें २०१९ सालीं पांच वर्षांखालील ७ लाख ४० हजारांवर मुलें न्युमोनियानें गेलीं, आणि त्यांतील बहुतेक आपल्यासारख्या आणि आफ्रिकेंतील गरीब देशांतलीं. बीज सर्वत्र एकच. पीक मात्र जमिनीप्रमाणें येतें. ती जमीन म्हणजे दूरचीं कारणें, आणि तीं बहुतेक उंबऱ्याच्या आंत असतात.

त्यांत पहिलें मुलाचें उणें वजन आणि अपुरें पोषण. दुसरें, आईच्या दुधाची हेळसांड. बाळंतपणानंतरचें पहिलें घट्ट पिवळसर दूध ‘वाईट’ म्हणून पिळून टाकण्याची चाल सुशिक्षित घरांतूनही पूर्ण गेलेली नाहीं. वास्तविक रोगास तोंड देण्याची पहिली शिदोरी त्यांतच असते. पहिले सहा महिने आईच्या दुधावांचून बाळास कांहीं लागत नाहीं. मध नाहीं, गुटी नाहीं, पाणीही नाहीं.

तिसरें कारण गर्दी. सुप्याच्या औद्योगिक वसाहतीमुळें परगांवचीं कुटुंबें एकेका खोलींत राहतात; तेथें स्वयंपाक, निजणें, आजारपण सर्व एकत्र. त्यांस दुसरा उपाय नसतो. आपल्या घरीं खोल्या चार असल्या, तरी बारशाला वीस माणसें बाळास हाताळतात आणि नाक वाहणारा आतेभाऊ त्याचा मुका घेतो. ही गर्दी आपण हौसेनें करितों.

चौथें कारण धूर. आपल्याकडे गॅस आहे, म्हणून धुराची गोष्ट दुसऱ्यांची, असें वाचकांनीं समजूं नये. बाळंतिणीच्या खोलींतील शेगडी, ओवा-वावडिंगाची धुरी, रात्रभर जळणारी डांसांची कांडी, देवघरांतील धूप आणि काकांची सिगारेट यांचा धूर चुलीच्या धुरापेक्षां सोंवळा नाहीं. येथें एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. ग्वाटेमाला देशांत धुराड्याच्या चुली देऊन केलेल्या प्रयोगांत (प्रसिद्धि २०११) एकंदर न्युमोनिया निश्चित घटल्याचें दिसलें नाहीं. गंभीर न्युमोनिया मात्र सुमारें एकतृतीयांशानें उतरला. पुढें चार देशांत, त्यांत आपला तमिळनाडूही होता, घरोघर गॅस देऊन पाहिला. २०२४ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांत तान्ह्यांच्या गंभीर न्युमोनियांत फरक आढळला नाहीं. यावरून धूर निर्दोष ठरत नाहीं. एक कारण दूर केल्यानें बाकीचीं आपोआप हटत नाहींत, इतकेंच ठरतें.

पांचवें कारण आपल्या न्हाणीघरांतलें आहे. अंघोळीच्या वेळीं बाळाच्या नाकांत तेलाचे थेंब सोडण्याची, किंवा रडत असतां तोंड धरून एरंडेल पाजण्याची रीत अनेकांकडे आहे. पाणी चुकून श्वासनलिकेंत गेलें तर ठसका लागून बाहेर पडतें. तेलानें ठसकाही नीट लागत नाहीं. तें खालीं उतरून फुप्फुसांत बसतें आणि निराळ्याच जातीचा न्युमोनिया करितें. मेळघाटांत बाळाच्या पोटावर तापल्या लोखंडाचे चटके देण्याची ‘डम्मा’ नांवाची चाल आहे. ती वाचून आपण हळहळतों. पण नाकांतलें तेल आणि बंद खोलींतली धुरी हीं तिचींच भावंडें होत.

सहावें कारण चुकलेली लस. ‘बी’ प्रकारच्या हिमोफिलसवरची लस पंचगुणी लशीमध्यें असते व ती सहाव्या, दहाव्या आणि चौदाव्या आठवड्यांत देतात. न्युमोकॉकसची लस सरकारी कार्यक्रमांत २०१७ पासून कांहीं प्रांतांत आली आणि २०२१ मध्यें देशभर झाली. ती सहाव्या व चौदाव्या आठवड्यांत आणि नवव्या महिन्यांत द्यावयाची. या जातीची एक लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटनें २०२० च्या अखेरीस बाजारांत आणिली. गोवराची लस नवव्या महिन्यानंतर आणि पुन्हा सोळाव्या महिन्यानंतर. सरकारी केंद्रांत हें सर्व फुकट मिळतें.

हीं झालीं रोगाचीं कारणें. मरणाचें कारण मात्र बहुधा याहून निराळें, आणि तें म्हणजे विलंब. याचा उत्तम दाखला महाराष्ट्रांतच आहे. गडचिरोली जिल्ह्यांत डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनें १९८८ सालीं ५८ गांवीं एक उपाय योजिला आणि ४४ गांवें तुलनेसाठीं ठेविलीं. उपायाच्या गांवीं आरोग्यसेवक आणि दाया यांस मुलांचा श्वास मोजावयास व ठराविक औषध द्यावयास शिकविलें. पुष्कळ दायांस मोठे आंकडे येत नसत. म्हणून त्यांच्यासाठीं मण्यांचें एक साधन केलें : एका मिनिटाचें वाळूचें घड्याळ उलटें करावयाचें, आणि दर दहा श्वासांस एक मणी सरकवावयाचा. या लोकांनीं न्युमोनियाचीं ६१२ दुखणीं हाताळलीं. त्यांत मरणाचें प्रमाण शेंकडा एकाहूनही कमी भरलें. तुलनेच्या गांवीं तें शेंकडा साडेतेरा होतें. १९९० सालीं हा वृत्तांत ‘लॅन्सेट’ या विलायती वैद्यकीय पत्रांत छापला गेला. तेथील दारिद्र्य वर्षभरांत गेलें नव्हतें, कीं चुलीही विझल्या नव्हत्या. गेला होता तो विलंब. निरक्षर दाईस जें साधलें, तें आपल्या पदवीधर सुनांस व लेकांस न साधावें हें लाजिरवाणें होय.

श्वास मोजण्याची रीत सोपी आहे. बाळ निजलेलें किंवा शांत असावें. पोट-छाती उघडी करून घड्याळाकडे पाहत पुरें एक मिनिट मोजावें. पोट एकदां वर येऊन खालीं गेलें म्हणजे एक श्वास. खोकला किंवा धाप असतां दोन महिन्यांच्या आंतील बाळाचा श्वास ६० किंवा अधिक, दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत ५० किंवा अधिक, आणि पुढें पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक भरला, तर त्याच दिवशीं डॉक्टर गांठावा. बरगड्यांखालचा भाग आंत ओढला जात असेल, मूल पीत नसेल, झटके येत असतील, किंवा हांक मारूनही डोळे उघडीत नसेल, तर रात्र असली तरी थांबूं नये. घरांत उरलेलें जुनें औषध मात्र आपल्या मनानें पाजूं नये.

गेल्या पौषांत आमच्याच घरीं दहा महिन्यांच्या नातवास खोकला झाला. आमच्या वडील वहिनींनीं शेगडी मागविली आणि म्हणाल्या, "भाऊजी, या गारठ्यांत पोराला बाहेर काढूं नका." आम्हीं त्यांच्या हातीं घड्याळ दिलें आणि म्हटलें, "वहिनी, तुम्हीच मोजा." त्यांनीं ५८ मोजले, पुन्हा मोजले, आणि स्वतःच शालींत गुंडाळून मूल गाडींत घेऊन बसल्या. आठ दिवसांत मूल खेळूं लागलें. आतां शेजारच्या मुलास खोकला झाला तरी वहिनी घड्याळ घेऊन जातात. त्यांनींच परवां म्हटलें, "ताईच्या वेळीं हें कोणी सांगितलें असतें तर!" त्या वेळीं त्या या घरांत आलेल्याही नव्हत्या, परंतु घरांतील असें दुःख सुनांपर्यंत पोहोंचतें.

वाचकांच्या घरीं या हिवाळ्यांत बाळ असेल, तर एक खिडकी उघडी ठेवा, शेगडी बाहेर न्या, आणि सेकंद-कांट्याचें घड्याळ पाळण्याजवळ भिंतीस लावा. घरांतील वडील बाईस तें पाहावयास शिकवा. तिचें निदान बदललें, कीं सारें घर बदलतें.