नस तुटली म्हणजे नेमकं काय तुटलं?

मराठीत ‘नस’ हा फार बेजबाबदार शब्द आहे. रक्त आलं की नस कापली, बोट बधिर झालं की नस तुटली, मान आखडली की नस चढली. रक्तवाहिनी, स्नायूबंध आणि मज्जातंतू, तिघांना एकच नाव! जन्मभर मराठी शिकवलेल्या माणसाने हे लिहावं याची गंमत वाटेल, पण या शब्दापायी हात जातो मंडळी.

पेठला भातकापणीत विळा लागणं नवं नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मनगटावर, करंगळीच्या बाजूला लागला. एका दवाखान्यात रक्त थांबवलं, चामडी शिवली आणि ‘नस आपोआप जुळेल’ म्हणून घरी पाठवलं. करंगळी बधिर आहे हे तो सांगत होता. वर्षभराने माझ्या ओट्यावर आला तेव्हा अंगठा आणि तर्जनीमधलं मांस बसलेलं, करंगळी वाकडी.

काय आपोआप जुळेल? या तंतूंच्या पेशी असतात पाठीच्या कण्यात नि कण्यालगत. तिथून एकेक धागा थेट बोटापर्यंत येतो. तो कापला की खालचा तुकडा मरतो. ऑगस्टस वॉलरने हे १८५० मध्येच बेडकावर दाखवलं. म्हणजे जुळणं नाहीच, वरच्या टोकाने नव्याने वाढायचं असतं. खाली श्वान पेशी उरतात. त्या मोडतोड साफ करायला हातभार लावतात आणि नळीसारखी वाट धरून ठेवतात. कोंब त्या वाटेत शिरला तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर चालतो. चुकला तर तिथेच गुंता होऊन दुखरी गाठ. सर्जन सूक्ष्मदर्शकाखाली केसाहून बारीक धाग्याने शिवतो ते फक्त आवरण, तोंडाला तोंड लागावं म्हणून, तेही ताण न देता. अंतर पडलं असेल तर पोटरीमागचा स्पर्शाचा तंतू आणून पूल बांधतात. चालायचं काम शरीराचं.

आता हिशेब करा. दंडात कापलं तर हातापर्यंत ५० सेंटीमीटर, म्हणजे जवळजवळ दीड वर्ष. आणि तंतूवाचून स्नायू वाट बघतो १२ ते १८ महिने. मग तिथे चरबी भरते. अशात ‘बघू, थांबू’ म्हणत सहा महिने घालवायचे?

कुणी म्हणेल, पेठला सूक्ष्मदर्शक कुठून आणणार? नका आणू. कापसाचा बोळा आणि कागदाचा तुकडा आणा. भूल देण्याआधी (नंतर नव्हे, नंतर सगळंच बधिर!) बोटांच्या टोकांना कापूस लावा, दोन बोटांच्या फटीत कागद धरायला सांगा. जमलं नाही तर चिठ्ठीवर तसं लिहा आणि सावळघाटापलीकडे नाशिकला धाडा, त्याच आठवड्यात. जे. जे.चे प्लास्टिक सर्जन डॉ. नोशीर अंतिया यांनी १९७० च्या दशकात अलिबागजवळच्या मांडव्याला खेड्यातल्या बायकांना आरोग्याचं काम शिकवून दाखवलं होतं. कापूस फिरवणं त्याहून अवघड आहे का?

असो. त्या मुलाला आता दुसरीकडचा स्नायूबंध वळवून बसवायची शस्त्रक्रिया सुचवली आहे. लावणी उरकू दे मास्तर, म्हणतो.