५३ लाखांच्या गाडीला करमाफी, सीएनजीवाल्याला एक टक्का जास्त

विजेची सेडान भारी की पेट्रोलची, यावर आपल्याकडची पोरं हल्ली रात्ररात्र भांडतात. दारात स्प्लेंडर असलेला पोरगाही बीवायडी सील आणि बीएमडब्ल्यू एम३४०आयचे आकडे तोंडपाठ सांगतो. सांगू द्या, स्वप्नाला टॅक्स नाही. पण त्या वादात एक गोष्ट कुणीच बोलत नाही आणि ती आपल्या खिशाची आहे, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

आधी शर्यतीचा निकाल लावून टाकू. सीलचं वरचं मॉडेल ५३० हॉर्सपॉवरचं, शून्य ते शंभर ३.८ सेकंदांत. एम३४०आयला सहा सिलिंडरचं टर्बो इंजिन, तरी तिला ४.४ सेकंद लागतात. गेल्या वर्षी ऑक्टेव्हिया आरएसच्या शंभरच गाड्या भारतात आल्या, पन्नास लाखांना एक, आणि हातोहात गेल्या. तिला तर ६.४ सेकंद. म्हणजे सरळ रस्त्यावर वीज जिंकली. पेट्रोलवाले म्हणतात आवाज नाही, गिअरची मजा नाही, वळणावर बॅटरीचं वजन जाणवतं. खरंय. सील २१८५ किलोची आहे, बीएमडब्ल्यूपेक्षा साडेतीनशे किलोहून जास्त. पण हे सगळं ज्याच्याकडे पैसा आहे त्याच्या आवडीनिवडीचं झालं. त्याने काय घ्यावं ते त्याने ठरवावं.

माझं भांडण पुढचं आहे. सील २०२४ मध्ये आली तेव्हा या मॉडेलची किंमत होती ५३ लाख. महाराष्ट्रात तिच्यावर मोटार वाहन कर किती? शून्य. तेवढ्याच किमतीची पेट्रोल गाडी घेतली तर १३ टक्के, म्हणजे जवळपास ६ लाख ८९ हजार. बरं, ते श्रीमंताचं. आपल्या गावातला शिक्षक आठ लाखांची पेट्रोल गाडी हप्त्यावर घेतो, तो ११ टक्क्यांनी ८८ हजार भरतो. ५३ लाखवाला काहीच भरत नाही. जीएसटीतही तेच. विजेच्या गाडीला ५ टक्के, मोठ्या पेट्रोल सेडानला ४० टक्के.

आता आठवा मार्च २०२५. तेव्हाचे अर्थमंत्री अजित पवार यांनी अर्थसंकल्पात ३० लाखांवरच्या विजेच्या गाड्यांवर ६ टक्के कर सुचवला होता. फक्त ३० लाखांवरच्या! पेट्रोलच्या निम्म्याहूनही कमी. दोन-अडीच आठवड्यांत मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांनी विधान परिषदेत सांगून टाकलं की हा कर लावणार नाही. त्यातून फारसा महसूल येणार नाही आणि संदेश चुकीचा जाईल, हे कारण. त्याच अर्थसंकल्पात सीएनजी गाड्यांवरचा कर एक टक्क्याने वाढवला होता. तो मात्र मागे घेतला नाही. सीएनजी कोण घेतं हो? ज्याला पेट्रोल परवडत नाही तो. संदेश कुणाला काय गेला, सांगा आता.

विजेच्या गाड्यांना माझा विरोध नाही, उगाच तसा अर्थ काढू नका. पेट्रोल इंजिनात इंधनातली बहुतेक ऊर्जा उष्णता होऊन वाया जाते, मोटर तेच काम कितीतरी कमी ऊर्जेत करते. विजेची स्कूटर, रिक्षा, दहा-पंधरा लाखांची गाडी यांना सवलत द्याच, वाढवा हवं तर. कारण तिथे सवलत मिळाली तरच माणूस पेट्रोल सोडतो. ५३ लाखवाल्याचा निर्णय सहा टक्क्यांवर अडत नाही. शिवाय सील आपल्याकडे बाहेरून तयार होऊन येते. चाकणच्या पोरांना तिने काम दिलं असंही नाही. उलट ज्या एम३४०आयवर पूर्ण कर लागतो ती चेन्नईत जोडली जाते.

आणि ५३० हॉर्सपॉवर कशाला लागते पर्यावरणाला? दोन टन धातू चार सेकंदांच्या आत शंभरावर नेण्यात कसली हवा शुद्ध होते, हे मला कुणीतरी समजावून सांगावं. समृद्धीवर १२० ची मर्यादा आहे. तिथेही विजेच्या कारला टोलमाफी जाहीर झाली, गाडी आठ लाखांची की दीड कोटीची हे न बघता. आपल्या वॅगन-आरने मुंबई ते नागपूर जायचं तर १४४५ रुपये मोजा. जड गाडी फुकट, हलकी गाडी पैसे देऊन.

दुसरीकडे एसटी. महामंडळाने ५१५० विजेच्या बस भाड्याने घ्यायचा करार केला, गाड्या ठरल्या वेळेत आल्याच नाहीत. खरी हवा तिथे सुधारली असती. चाळीस-पन्नास माणसं एका गाडीत, दिवसभर फेऱ्या. सकाळी स्टँडवर जाऊन बघा, कॉलेजच्या पोरी त्याच खिळखिळ्या डिझेल गाडीला लोंबकळताना दिसतील.

महसूल थोडाच येणार होता म्हणता ना? थोडा तर थोडा. तो सरळ एसटीच्या विजेच्या बससाठी राखून ठेवा. ३० लाखांवरच्या प्रत्येक विजेच्या गाडीला ६ टक्के, ५३ लाखांवर ३ लाख १८ हजार होतात. पुढच्या अधिवेशनाआधी आपल्या आमदारांना भेटाल तेव्हा गटारीच्या अर्जासोबत हेही विचारा: तो सहा टक्क्यांचा कर पुन्हा कधी आणताय, आणि सीएनजीचा वाढीव एक टक्का कधी काढताय? मी विचारणार आहे. उत्तर मिळालं की इथेच टाकतो, नाही मिळालं तर तेही टाकतो.