गॅस गीझर कोण बसवणार?
थंडीत फजरच्या वुजूला गरम पाणी हवं, म्हणून घरोघरी गॅस गीझर येतो. नळ बसवणारा प्लंबरच तोही जाताजाता लावून देतो. नको. बंद न्हाणीघरात गीझर पेटला की प्राणवायू घटतो, कार्बन मोनॉक्साइड साचतो. सिलिंडर गळला तर वास तरी येतो. याला वास नाही, रंग नाही. आतला माणूस हाकही न मारता बेशुद्ध पडतो.

कंपनीचा अधिकृत मेकॅनिक बोलवा आणि आधी विचारा, धूर कुठे जाणार? ‘खिडकी आहे ना’ म्हणाला, तर चहा पाजून परत पाठवा. गीझर, सिलिंडर दोन्ही बाहेर मोकळ्या हवेत. आत फक्त गरम पाण्याची नळी.

आधीच आत बसवला असेल, तर तो बाहेर काढेपर्यंत दार उघडं ठेवून बादली भरा, गीझर बंद करा, मगच मुलांना आंघोळीला पाठवा.