ढिगातली वरची मोसंबी



मागच्या पंधरवड्यात पाचोडच्या शिवारात डिंक्या पडलेली एक मोसंबीची बाग पाहायला गेलो होतो. बोर्डो पेस्ट कशी लावायची ते सांगून झाले, चहाला बसलो, तर घरच्या आजोबांनी नातवाला पुढे केले.

"साहेब, हा मोबाइलवर बुद्धिबळ खेळतो. म्हणतो, माझं रेटिंग 1900 हाये. शिकवणीला संभाजीनगरला घालायचं तर कालवड विकावी लागंल. हा आकडा खरा मानावा का?"

प्रश्न मोठा नेमका होता. रेटिंगची रीत आर्पाद एलो या अमेरिकेतील भौतिकशास्त्राच्या प्राध्यापकांनी बसवली आणि फिडे या जागतिक संघटनेने ती 1970 साली स्वीकारली. जिंकलात की गुण चढतात, हरलात की उतरतात. बलवानाला हरवले तर जास्त चढतात. हिशेब चोख आहे, पण डाव प्रामाणिक असेल तरच. शिवाय मोबाइलवरचे 1900 आणि फिडेचे 1900 ही मापेच वेगळी. पायलीचे माप किलोत धरू नये.

लबाडी सोपी असते. शेजारी दुसरा फोन ठेवायचा, त्यातला संगणक सांगेल ती चाल खेळायची. जून 2021 मध्ये कोरोनाच्या मदतनिधीसाठी विश्वनाथन आनंद अनेक नामवंतांशी ऑनलाइन खेळले. उद्योजक निखिल कामथ यांनी त्यांना चक्क हरवले! दुसऱ्याच दिवशी कामथांनी संगणकाची व जाणकारांची मदत घेतल्याचे स्वतःच कबूल केले. आनंदसारख्याशी हे झाले, तर आपल्या पोरांचे काय?

लबाडाचा आकडा तर फुगतोच, पण त्याच्याशी हरलेल्या सरळ पोराचाही आकडा उगाच घसरतो. संकेतस्थळे चाली संगणकाशी ताडून पाहतात. अवघड चालीला आणि सोप्या चालीला सारखाच वेळ लागला, तर संशय येतो. खाते बंद होते, हरलेल्यांना काही गुण परतही मिळतात. तरी सगळे सापडत नाहीत.

आणि दर वेळी लबाडीच असते असेही नाही. 2020 च्या ऑनलाइन ऑलिंपियाडच्या अंतिम फेरीत नागपूरची चौदा वर्षांची दिव्या देशमुख इंटरनेट तुटल्यामुळे वेळेवर हरली. शेवटी भारत व रशियाला संयुक्त विजेते ठरवले. तीच दिव्या 2025 मध्ये बाटुमीला, समोरासमोर पटावर बसून, महिला विश्वचषक जिंकली.

मी आजोबांना म्हटले, पट आणा. लिंबाखाली बसलो. मी काही मोठा खेळाडू नव्हे, कॉलेजात खेळलो तेवढेच. विसाव्या चालीच्या आत पोराचा घोडा फुकट गेला, मग हत्ती. त्याने मान खाली घातली.

"साहेब, कधीकधी दादाचा फोन शेजारी असतो."

मी रागावलो नाही. आजोबाही बोलले नाहीत. दुसरा डाव मांडला, तो मात्र पोर नेटाने खेळले आणि मला बरोबरीवर आणले. आता दर रविवारी पटावरच खेळायचे आणि जिल्ह्याच्या पहिल्या खुल्या स्पर्धेत नाव द्यायचे, असे ठरले आहे.

कालवड अजून दावणीलाच आहे.