घरातला फोन आणि मुलांचा अभ्यास

सातबारा पाहायला पूर्वी तलाठ्याच्या दारी खेटे घालावे लागत. आता तो घरबसल्या मोबाईलवर दिसतो. बाजारभाव कळतात, पावसाचा अंदाज येतो. मग त्याच फोनवर मुलांचा अभ्यास का होऊ नये? "फोन हातात दिला की पोरे बिघडतात" ही तक्रार घरोघर ऐकू येते, आणि ती अगदीच खोटी नाही. पण त्या फोनमध्ये अभ्यासाचे काय काय आहे, हे बहुतेक आईबापांना कोणी सांगितलेलेच नसते. म्हणून आज थोडेसे, पैसा न लागणाऱ्या वेबसाईटविषयी.

आधी पुस्तके. बालभारती, म्हणजे आपले पाठ्यपुस्तक मंडळ, पुण्यात १९६७ साली स्थापन झाले. त्यांच्या 'ईबालभारती डॉट इन' या वेबसाईटवर पाठ्यपुस्तके पानन् पान फुकट उतरवून घेता येतात. मराठी माध्यमाची आहेत, तशी उर्दू, कन्नड, गुजराती माध्यमाचीही आहेत. शाळेत पुस्तक मिळते, मग हे कशाला, असे तुम्ही म्हणाल. पण ऊसतोडीला गेलेल्या कुटुंबाचा विचार करा. दिवाळीनंतर गाडीत संसार भरताना पुस्तके मागे राहतात, नाहीतर कोपीवर भिजून जातात. निघण्याआधी मुलाच्या इयत्तेची सगळी पुस्तके फोनमध्ये उतरवून घ्या. एकदा उतरवली की वाचायला रेंज लागत नाही.

बालभारतीच्या बऱ्याच पुस्तकांत एक काळा-पांढरा ठिपक्यांचा चौकोन छापलेला असतो. त्याला क्यूआर कोड म्हणतात. केंद्र सरकारने २०१७ साली सुरू केलेले 'दीक्षा' हे ॲप फोनमध्ये घेऊन त्या चौकोनावर कॅमेरा धरला, की त्या पुस्तकाशी जोडलेले साहित्य, चित्रफिती आणि सरावाचे प्रश्न समोर येतात. वस्तीवर रेंज नसेल तर बाजारच्या दिवशी गावात फोन नेऊन हवे ते उतरवून आणावे. गुरुजींना आणि बाईंनाही याच ठिकाणी शिकवण्याचे साहित्य व प्रशिक्षणाचे पाठ मिळतात.

आता माझ्या विशेष आवडीची एक जागा सांगतो. 'अरविंद गुप्ता टॉईज डॉट कॉम'. अरविंद गुप्ता हे कानपूरच्या आयआयटीत शिकलेले इंजिनियर. मोठ्या पगाराची वाट सोडून त्यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करण्याचा ध्यास घेतला. पुण्यातल्या आयुका संस्थेच्या बालविज्ञान केंद्रात त्यांनी अनेक वर्षे काम केले आणि २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांच्या वेबसाईटवर मुलांची ढीगभर पुस्तके आहेत, त्यांत मराठीही पुष्कळ, आणि सगळी फुकट.

त्यांचा एक साधा खेळ आजच करून पाहा. सायकलच्या व्हॉल्वची बारीक रबरी नळी घ्या, तिचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करा. आगकाड्यांचा गूळ खरवडून टाका. नळीच्या तुकड्यात दोन्ही बाजूंनी काड्या खुपसल्या की सांधा तयार. अशा चार काड्यांचा चौकोन करून मुलाला दाबायला सांगा. तो लगेच कलंडतो. मग तीन काड्यांचा त्रिकोण करा. कितीही दाबा, त्याचा आकार बदलत नाही. एवढे झाले की मुलाला शेडाखाली घेऊन जा आणि पत्र्याखालची कैची दाखवा. तिच्यात तिरपे तुकडे का टाकले आहेत, हे तो तुम्हाला आपणहून सांगेल. पाच रुपयांत भूमिती शिकवणारी अशी दुसरी शिकवणी मला माहीत नाही.

मोठ्या मुलांना आणि शिक्षकांना मराठी विश्वकोश उपयोगी पडतो. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांनी वाईत ज्याचा पाया घातला, तो वीस खंडांचा ग्रंथ आता वेबसाईटवर वाचता येतो. पिके, जनावरांचे रोग, इतिहास, सगळे मराठीत. बारावीपुढच्यांसाठी केंद्राचे 'स्वयम्' आहे. तिथे शिकणे फुकट. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवे असेल तरच शुल्क.

आता पैशाची गोष्ट, आणि इथे जरा सावकाश वाचा. आठवीतल्या मुलांसाठी एनएमएमएस नावाची शिष्यवृत्ती परीक्षा असते. सरकारी, अनुदानित किंवा जिल्हा परिषद, नगरपालिकेच्या शाळेतील मूल आणि घरचे वार्षिक उत्पन्न साडेतीन लाखांच्या आत, अशांसाठी ती आहे. निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० रुपये, म्हणजे चार वर्षांत ४८,००० रुपये मिळतात. एवढ्या पैशात मुलीचे बारावीपर्यंतचे जाणे-येणे, वह्या-पुस्तके निघतात. शाळा सोडवण्याची वेळ येत नाही. पण निवड झाली म्हणजे काम संपले असे नव्हे. पुढे 'स्कॉलरशिप्स डॉट जीओव्ही डॉट इन' या वेबसाईटवर नोंदणी करावी लागते आणि दरवर्षी नूतनीकरण करावे लागते. पुष्कळ घरांत इथेच घोटाळा होतो. आधारवर नाव एक, शाळेच्या दाखल्यावर दुसरे, आणि बँकेचे खाते आधारला जोडलेलेच नाही! सातवीतच ही तिन्ही कागदपत्रे शेजारी ठेवून नावाचे एकेक अक्षर ताडून पाहा. दहावीनंतरच्या बहुतेक राज्य शिष्यवृत्त्यांचे अर्ज 'महाडीबीटी'वर भरतात. या दोन्ही पत्त्यांचा शेवट 'जीओव्ही डॉट इन' असाच असतो. दुसरे शेपूट दिसले तर तिथे आधार क्रमांक टाकू नका. आणि "शिष्यवृत्ती मंजूर झाली, ओटीपी सांगा" असा फोन आला तर सरळ ठेवून द्या. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या क्रमांकावर कळवा.

एनएमएमएसचा अर्ज शाळेमार्फतच जातो. परीक्षा साधारण डिसेंबरच्या सुमारास असते, आणि अर्जाची मुदत त्याच्या बरीच आधी संपते. तुमचे मूल यंदा आठवीत असेल तर गणपतीच्या आत मुख्याध्यापकांना गाठा. उत्पन्नाचा दाखला तहसील कचेरीतून काढायला वेळ लागतो, तोही आताच मागून ठेवा.